काट्याच्या पॅकेजचे रिलीज: आकडा यंत्राचा, वाक्य माणसाचे

जानेवारी ते एप्रिल हा नाशिक जिल्ह्यात द्राक्ष निर्यातीचा हंगाम. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या पॅकहाऊसमध्ये ५०० ग्रॅमचे दहा पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे) भरून पाच किलोची पेटी होते. पेटी काट्यावर जाते, वजन संगणकात उतरते, लेबल छापून निघते. काटा आणि संगणक यांच्या मध्ये एक छोटे पायथन पॅकेज बसलेले असते. सिरियल पोर्टवरून ९६०० बॉडने येणारी अक्षरे वाचायची, वजन स्थिर झाले का ते ठरवायचे, टेअर (रिकाम्या पेटीचे वजन) वजा करायचा आणि आकडा पुढच्या प्रोग्रॅमच्या हातात द्यायचा, एवढेच त्याचे काम.

हे प्रकरण अशा एका पॅकेजच्या रिलीजचे, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर सोडण्याचे आहे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला पाच जणांचा गट, खुला कोड, गिटहबवर रिपॉझिटरी (कोड आणि त्याचा इतिहास ठेवण्याची जागा), पायपीआयवर (पायथन पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावर) प्रकाशन आणि त्या पॅकेजवर उभी असलेली चार ॲप्लिकेशन्स. गट नमुन्यादाखल उभा केला आहे. त्याच्या चुका मात्र कुठल्याही चालत्या रिपॉझिटरीत भेटतील अशाच आहेत.

आधीची रीत

रिलीज करायचे म्हणजे एकाने बसून अकरा कामे ओळीने करायची. मेन ब्रँच (कोडची मुख्य शाखा) ओढून घ्या, टेस्ट चालवा, पायप्रोजेक्ट फाइलमधला व्हर्जन बदला, पॅकेजच्या इनिट फाइलमधला बदला, दस्तऐवजांच्या कॉन्फिगमधला बदला. मागच्या टॅगपासूनचे (टॅग म्हणजे इतिहासातल्या एका जागेला दिलेले नाव) कमिट (बदलांच्या नोंदी) चाळा, चेंजलॉगमध्ये (वाचकासाठीच्या बदलांच्या यादीत) ओळी लिहा, कमिट करा, टॅग लावा, बिल्ड करून ट्वाइन या साधनाने अपलोड करा, आणि शेवटी टॅग पुश करा. व्हर्जनचा आकडा तीन ठिकाणी हाताने लिहायचा, आणि टॅग हे चौथे ठिकाण. टॅग पुश करणे शेवटी असल्यामुळे तेच सर्वांत जास्त वेळा विसरले जायचे. मग पायपीआयवर ३.१.३ आहे, पण गिटहबवर त्या नावाचा टॅग नाही, आणि नेमका कोणता कोड बाहेर गेला हे अपलोड करणाऱ्याच्या लॅपटॉपलाच ठाऊक.

चेंजलॉगची अडचण वेगळी होती. सगळे जण एकाच फाइलच्या एकाच जागी, सर्वांत वरच्या विभागात ओळी घालणार, म्हणजे दोन पुल रिक्वेस्ट (बदल मेनमध्ये घेण्याच्या विनंत्या) एकत्र आल्या की मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदलांची टक्कर, ठरलेला. गिट ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये चेंजलॉगसाठी ‘मर्ज=युनियन’ लावला की आपल्या संगणकावर मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट दिसेनासा होतो, हे खरे. पण युनियन दोन्ही बाजूंच्या ओळी एकाखाली एक ठेवून मोकळा होतो. मधल्या काळात रिलीज झाले असेल तर नवी ओळ जुन्या व्हर्जनच्या मथळ्याखाली गुपचूप जाऊन बसते. कॉन्फ्लिक्ट निदान ओरडून सांगतो. युनियन सांगत नाही. म्हणून तो इथे वापरलेला नाही.

३.२.० कसे बिघडले

चालू व्हर्जन होते ३.१.४. वजन देणारे फंक्शन किलोमध्ये दशांश आकडा देत असे. दशांशातल्या गोळाबेरजेचे घोळ टाळावेत म्हणून ते ग्रॅममध्ये पूर्णांक द्यायला लागले. बदल योग्यच होता. पण जुना कोड मोडणारा बदल म्हटला की सेमँटिक व्हर्जनिंगच्या (आकड्यावरून बदलाचे स्वरूप सांगण्याच्या) नियमाने पहिला आकडा वाढायला हवा, म्हणजे ४.०.०. बदलाच्या कमिटवर संदेश होता ‘युनिट सुधारले’. रिलीज करणाऱ्याने तेवढे वाचून दुसरा आकडा वाढवला आणि ३.२.० बाहेर गेले.

चारपैकी दोन ॲप्लिकेशन्सच्या यादीत या पॅकेजपुढे ~=३.१ असे लिहिलेले होते. पेप ४४० या पायथनच्या व्हर्जनविषयक नियमाप्रमाणे याचा अर्थ ३.१ किंवा त्यापुढचे, पण ३ च्या मालिकेतलेच. म्हणजे ३.२.० त्यात बसते. तेच ~=३.१.० लिहिले असते तर मर्यादा ३.१ च्या मालिकेपुरती राहिली असती आणि ३.२.० आत आले नसते. एका शून्याचा हा फरक अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटतो. ज्या पॅकहाऊसमध्ये त्या सकाळी संगणक नव्याने लावला, तिथे पाच किलोच्या पेटीच्या लेबलवर ५००० किलो छापून आले. एवढी ढोबळ चूक ऑपरेटरला लगेच दिसली, हे नशीब. किलोऐवजी पौंड झाले असते तर माल कंटेनरमध्ये भरेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता.

त्यानंतरच्या तासाभरात जे केले त्याने नुकसान वाढले. पहिला फोन आला तेव्हा गटाने विचारले, ‘व्हर्जन कोणते दिसते?’ पडद्यावर ३.१.४ होते, कारण इनिट फाइलमधला आकडा बदलायचा राहिला होता. जुन्याच व्हर्जनमध्ये चूक शोधण्यात वेळ गेला. मग घाईत पायपीआयवरून ३.२.० डिलीट केले, कोड दुरुस्त केला आणि त्याच नावाने पुन्हा अपलोड करायला गेले. पायपीआयने नकार दिला. एकदा वापरलेले फाइलचे नाव तिथे कधीच परत वापरता येत नाही, फाइल डिलीट केली तरीही. हा नियम गैरसोयीचा वाटतो, पण तोच आपला आधार आहे: एका नावामागे आज एक आणि उद्या दुसरा कोड असे कुणी करू शकत नाही. इकडे तिसऱ्या ॲप्लिकेशनने ==३.२.० असे घट्ट बांधून घेतले होते, कारण त्याने ग्रॅमप्रमाणे कोड आधीच बदलला होता. डिलीट झाल्यावर त्याची नवी इन्स्टॉलेशन्स ‘असे व्हर्जन नाही’ म्हणून थांबली.

डिलीटऐवजी यँक करायला हवे होते. पेप ५९२ ने आणलेली ही सोय आहे. यँक केलेले व्हर्जन पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारे साधन) आपणहून निवडत नाही, पण ज्याने == लावून नेमके तेच मागितले त्याला सूचना दाखवून देतो. म्हणजे नवे लोक वाचतात आणि जुने लोक अडत नाहीत. यँक पायपीआयच्या संकेतस्थळावर जाऊन हाताने करावे लागते आणि कारणाची एक ओळ लिहिता येते. ती ओळ लिहावीच, कारण पिपच्या सूचनेत तीच दिसते.

शेवटी किलोवर परतणारे ३.२.१ आले आणि ग्रॅमचा बदल ४.०.० साठी ठेवला. स्वयंचलन करायचे ठरले ते यानंतर. आता प्रश्न असा की नेमके काय स्वयंचलित करायचे.

कमिटमधून की तुकड्यांतून

साधने दोन जातींची आहेत. पहिली जात कमिटचे संदेश वाचते. कन्व्हेन्शनल कमिट्सच्या शिस्तीत ‘फिक्स’ने सुरू होणारा संदेश तिसरा आकडा वाढवतो, ‘फीट’ दुसरा, आणि उद्गारचिन्ह किंवा ‘ब्रेकिंग चेंज’ची तळटीप पहिला. सिमँटिक-रिलीज आणि गूगलचे रिलीज-प्लीज या जातीचे. माणसाने शिस्तीत कमिट लिहायचे; आकडा, टॅग, चेंजलॉग आपोआप.

दुसरी जात तुकडे गोळा करते. प्रत्येक पुल रिक्वेस्टसोबत एक छोटी फाइल येते, तिच्यात वाचकासाठी लिहिलेले एक वाक्य असते. रिलीजच्या वेळी साधन सगळे तुकडे प्रकारवार लावून चेंजलॉगमध्ये वरच्या बाजूला ओतते आणि तुकडे काढून टाकते. पायथनमध्ये टाउनक्रायर हे काम करते. पिप आणि पायटेस्ट हे मोठे प्रकल्प याच रीतीने चालतात. जावास्क्रिप्टमध्ये चेंजसेट्स याच वळणाचे.

या गटाने दुसरी जात घेतली, आणि आमच्या मते बरोबर घेतली. कारण वाचक कोण हे पाहिले पाहिजे. कमिटचा संदेश उद्या तोच कोड उघडणाऱ्या प्रोग्रॅमरसाठी असतो. चेंजलॉग वाचतो तो चार ॲप्लिकेशन्स सांभाळणारा आणि हंगामात पॅकहाऊसमध्ये रात्रपाळीला बसलेला संगणक ऑपरेटर. कमिटमधून आपोआप निघालेली ओळ अशी असती: ‘फिक्स: पार्सरमध्ये रिकामा फ्रेम हाताळला.’ तुकड्यात लिहिलेली ओळ अशी आहे: ‘काटा बंद करून चालू केल्यावर पहिली पेटी शून्य वजनाने नोंदली जात होती. आता पहिले स्थिर वजन येईपर्यंत नोंद थांबते.’ दोन्ही ओळी एकाच बदलाच्या. ऑपरेटरला पहिली ओळ वाचून काहीच करता येत नाही. दुसरी वाचून तो म्हणतो, अरे, आपल्याकडे हेच होत होतं, अपडेट टाका.

दुसरे कारण दुरुस्तीचे. कमिटचा संदेश एकदा मेनवर गेला की इतिहास बदलल्याशिवाय सुधारता येत नाही. तुकडा साधी फाइल आहे. रिलीज होईपर्यंत कधीही नव्याने लिहा. आणि स्क्वॉश मर्ज (सगळे कमिट एकात मिसळून मर्ज) करणाऱ्यांसाठी एक जास्तीची अडचण आहे. गिटहबच्या मूळ सेटिंगमध्ये पुल रिक्वेस्टमध्ये एकच कमिट असेल तर स्क्वॉशचा मथळा त्या कमिटचा येतो, अनेक असतील तर पुल रिक्वेस्टचा. मथळा तपासणारा रोबो पुल रिक्वेस्टचा मथळा पाहून हिरवा दिवा देतो आणि मेनवर भलताच मथळा उतरतो. कमिटवाल्या जातीची साधने वापरणाऱ्यांनी रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये ‘पुल रिक्वेस्टचा मथळा वापरा’ हे आधी निवडावे.

लिहिण्याची जबाबदारी टळत नाही, एवढी या निवडीची किंमत. प्रत्येक बदलामागे दोन मिनिटे जातात आणि सुरुवातीला सगळे कुरकुरतात.

तुकड्यांची मांडणी

रिपॉझिटरीच्या मुळाशी एक फोल्डर, त्यात फाइलचे नाव इश्यूचा (गिटहबवरच्या तक्रारीच्या किंवा कामाच्या नोंदीचा) क्रमांक, टिंब, प्रकार, टिंब, एमडी. इश्यू नसेल तर क्रमांकाच्या जागी अधिक चिन्हाने सुरू होणारे कोणतेही नाव चालते. टाउनक्रायर त्याला अनाथ तुकडा मानते आणि ओळीपुढे क्रमांक छापत नाही.

प्रकार पाच ठेवले. पायप्रोजेक्ट फाइलमध्ये प्रत्येक प्रकाराचे फाइलच्या नावातले रूप आणि छापायचा मथळा वेगवेगळे देता येतात, म्हणून मथळे थेट मराठीत आहेत: ‘मोडणारे बदल’, ‘सुरक्षा’, ‘नवीन’, ‘दुरुस्त्या’, ‘अंतर्गत’. चेंजलॉगमध्ये विभाग याच क्रमाने येतात. मोडणारे बदल सर्वांत वर, कारण घाईत वाचणारा पहिल्या चार ओळींपुढे जात नाही. ‘अंतर्गत’ प्रकाराला मजकूर न दाखवण्याची खूण केली आहे, म्हणजे फक्त इश्यूचे क्रमांक छापले जातात.

तुकड्यांतला मजकूर मराठी, फाइलची नावे मात्र रोमन. देवनागरी नावे गिटला चालतात, पण मूळ सेटिंगमध्ये गिट ती स्टेटस आणि डिफमध्ये आठ-आधारी संकेतांत दाखवतो. ‘कोअर.कोटपाथ’ बंद केल्याशिवाय कुठली फाइल बदलली हे वाचता येत नाही, आणि हे सेटिंग प्रत्येकाच्या संगणकावर वेगळे करावे लागते. त्या झगड्यात पडण्यात अर्थ नव्हता. विंडोजवर तुकडा लिहिताना एडिटर यूटीएफ-८ मध्येच जतन करतो ना, एवढे पाहिले की पुरते.

प्रत्येक पुल रिक्वेस्टवर ‘टाउनक्रायर चेक’ चालतो. ब्रँचची मेनशी तुलना करून नवा तुकडा नसेल तर तो लाल दिवा दाखवतो. रिलीजच्या पुल रिक्वेस्टमध्ये तुकडे काढले जातात, मग तिथे तो अडेल का? नाही. चेंजलॉग फाइल स्वतः बदललेली दिसली की तपासणी आपणहून सोडून दिली जाते. लागणाऱ्या बाहेरच्या पॅकेजेसची व्हर्जने वाढवणाऱ्या रोबोच्या पुल रिक्वेस्टना मात्र लेबल पाहून ही पायरी वगळावी लागली.

व्हर्जनचा एकच उगम

तीन फाइलींतले आकडे काढून टाकले. आता व्हर्जन फक्त गिटच्या टॅगमध्ये आहे. पायप्रोजेक्टमध्ये व्हर्जन ‘डायनॅमिक’ म्हणून जाहीर केले आणि सेटअपटूल्स-एससीएम बिल्डच्या वेळी टॅगवरून आकडा काढते. चालत्या प्रोग्रॅमला आपला आकडा हवा असेल तर तो पायथनच्या इम्पोर्टलिब.मेटाडेटामधून विचारतो, ३.८ पासून ही सोय भाषेतच आहे. जे इन्स्टॉल झाले आहे त्याचाच आकडा पडद्यावर दिसतो, इनिट फाइल विसरण्याचा प्रश्नच संपला.

पुढचा आकडा काय असावा हे तुकड्यांवरून ठरते. एक छोटी स्क्रिप्ट फोल्डर पाहते: मोडणारा एकही तुकडा असेल तर पहिला आकडा, नाही आणि ‘नवीन’ असेल तर दुसरा, नाहीतर तिसरा. ३.२.० सारखा घोळ इथे सापडेल का? तुकड्याचा प्रकारच चुकीचा लिहिला तर नाही. पण तुकडा पुल रिक्वेस्टमध्ये कोडच्या शेजारी दिसतो आणि तपासणारा दोन्ही एका नजरेत पाहतो. ‘दुरुस्त्या’ असा प्रकार आणि मजकुरात ‘आता ग्रॅममध्ये’ हे शब्द शेजारी आले की शंका यायलाच हवी.

टॅगपासून पायपीआयपर्यंत

आता रिलीज असे होते. गिटहब ॲक्शन्समधला ‘रिलीज तयारी’ नावाचा वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांची यादी) कुणीतरी बटण दाबून सुरू करतो. तो आकडा काढतो, टाउनक्रायर बिल्ड चालवतो आणि बदललेली चेंजलॉग फाइल व काढलेले तुकडे यांची पुल रिक्वेस्ट उघडतो. इथे माणूस थांबतो आणि वाचतो. दोन तुकडे एकच गोष्ट सांगत असतील तर जोडतो, शुद्धलेखन पाहतो, आकडा पटतो का ते पाहतो. मर्ज झाल्यावर त्या कमिटवर टॅग लावून पुश करायचा. टॅग पोचला की प्रकाशनाचा वर्कफ्लो जागा होतो.

टॅग हाताने का? गिटहबच्या वर्कफ्लोला मिळणाऱ्या अंगच्या टोकनने (परवानगीच्या किल्लीने) केलेल्या पुशमधून दुसरा वर्कफ्लो सुरू होत नाही. वर्कफ्लोने वर्कफ्लो, त्याने आणखी एक, अशी न संपणारी साखळी होऊ नये म्हणून हा नियम आहे. पहिल्या प्रयत्नात टॅग यंत्राने लावला, टॅग दिसत होता, पण प्रकाशन सुरूच होईना. दोन तास वाया गेले. गिटहब ॲपचे टोकन वापरले तर यातून वाट निघते, त्याची मुदत एक तासाची असते. पण पाच जणांसाठी आणखी एक ॲप, त्याची खासगी किल्ली आणि ती सांभाळण्याचा नियम, एवढा पसारा कशाला? टॅगची एक आज्ञा हाताने दिली तर बिघडत काही नाही, उलट ‘आता सोडतो आहोत’ हे जाणूनबुजून घडते. टॅग ॲनोटेटेडच हवा, कारण ‘फॉलो-टॅग्ज’ लावून केलेला पुश साधे टॅग मागेच सोडतो, आणि ‘गिट डिस्क्राइब’ही मूळ रीतीत साध्या टॅगकडे पाहत नाही.

प्रकाशनाच्या वर्कफ्लोत दोन जॉब आहेत आणि ते वेगळे ठेवण्याला कारण आहे. पहिला जॉब बिल्ड करतो: सोर्स आर्काइव्ह (मूळ कोडचा गठ्ठा) आणि व्हील (इन्स्टॉलसाठी तयार फाइल) बनवतो, ‘ट्वाइन चेक’ने वर्णन पायपीआयवर नीट दिसेल का ते पाहतो, कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ते व्हील इन्स्टॉल करून टेस्ट चालवतो आणि फाइली आर्टिफॅक्ट म्हणून ठेवतो. दुसरा जॉब त्याच फाइली उचलून पायपीआयवर ठेवतो, दुसरे काही करत नाही. प्रकाशनाचा अधिकार फक्त या दुसऱ्या जॉबला आहे. बिल्डच्या वेळी बाहेरची कितीतरी पॅकेजेस चालतात. त्यांच्यातल्या एकात कुणी खोडी केली तरी त्याच्या हाती किल्ली लागत नाही.

किल्ली म्हणजे पासवर्ड किंवा कायमचे टोकन नव्हे. पायपीआयने एप्रिल २०२३ मध्ये ट्रस्टेड पब्लिशिंग आणले. गिटहब त्या जॉबची ओळख सांगणारा सहीचा पुरावा देतो, पायपीआय तो तपासून १५ मिनिटे चालणारे टोकन देते. रिपॉझिटरीत गुपित ठेवावेच लागत नाही. जॉबला ‘आयडी-टोकन: राइट’ ही परवानगी द्यावी लागते आणि पायपीआयवर चार गोष्टी आधी नोंदवाव्या लागतात: मालकाचे नाव, रिपॉझिटरी, वर्कफ्लोच्या फाइलचे नाव आणि, वापरत असाल तर, गिटहबवरच्या एन्व्हायर्नमेंटचे (अटी लावता येणाऱ्या प्रकाशन-जागेचे) नाव. चारपैकी एक अक्षर इकडेतिकडे झाले की ‘इनव्हॅलिड पब्लिशर’ येते. सहा महिन्यांनी कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेने वर्कफ्लोच्या फाइलचे नाव बदलतो आणि पुढच्या रिलीजला हेच उत्तर मिळते. तेव्हा कारण आठवत नाही. म्हणून फाइलच्या पहिल्याच ओळीत टीप आहे: नाव बदलाल तर पायपीआयवरही बदला.

एन्व्हायर्नमेंटला दुसऱ्या एका सदस्याची मंजुरी लावली आहे. खुल्या रिपॉझिटरीत ही सोय फुकट मिळते. हंगामात संध्याकाळी पाचनंतर मंजुरी द्यायची नाही असा गटाचा अलिखित नियम आहे. पॅकहाऊस रात्री जोरात चालतात आणि चूक झाली तर रात्री दिंडोरी गाठणारा कुणी नसतो.

चालू केल्यावर काय काय अडले

सर्वांत पहिले बिल्ड ०.१.डेव्ह१ असा आकडा घेऊन आले. चेकआउटची पायरी मूळ सेटिंगमध्ये फक्त एकच, शेवटचा कमिट आणते. इतिहास नाही, टॅग नाहीत, मग सेटअपटूल्स-एससीएमने आकडा काढायचा कशावरून? ‘फेच-डेप्थ: ०’ लिहिले की पूर्ण इतिहास येतो. टाउनक्रायर चेक अडला त्याचेही कारण हेच होते, त्याला तुलनेसाठी मेन सापडत नव्हती.

दुसरे जरा लपलेले होते. टॅग व्ही३.३.० वर, इतिहास पूर्ण, तरीही व्हीलचे नाव ३.३.१.डेव्ह० आणि पुढे अधिक चिन्ह व तारीख. बिल्डच्या आधीची एक पायरी लेबलच्या भाषांतरांच्या फाइली नव्याने तयार करत होती, आणि त्या फाइली गिटमध्ये नोंदलेल्या होत्या. म्हणजे टॅगवर उभे असूनही कार्यप्रत ‘मळलेली’, म्हणजे कमिट न केलेले बदल असलेली. सेटअपटूल्स-एससीएमचा तर्क सरळ आहे: हे नेमके ३.३.० नाही, त्यात आणखी काहीतरी आहे, म्हणजे पुढच्याची कच्ची आवृत्ती. अधिक चिन्हानंतरचा स्थानिक भाग पायपीआय स्वीकारत नाही, म्हणून अपलोड अडला आणि चूक बाहेर गेली नाही. तयार होणाऱ्या फाइली गिटमधून काढून इग्नोरमध्ये टाकल्या. शिवाय बिल्डनंतर एक तपासणी घातली: व्हीलचे व्हर्जन आणि टॅगचे नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, पण सगळ्या मांडणीत हीच सर्वांत उपयोगी ठरली.

तारखेचा घोळ गमतीदार होता. रिलीज तयारी रात्री साडेबाराला चालवली आणि चेंजलॉगमध्ये आदल्या दिवशीची तारीख आली. रनरचे (वर्कफ्लो चालवणाऱ्या संगणकाचे) घड्याळ यूटीसीवर, आपण साडेपाच तास पुढे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत केलेले प्रत्येक रिलीज कालचे ठरणार. त्या पायरीत टाइमझोन आशिया/कोलकाता दिला. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानेच ठेवली आहे, ०३-०४ म्हणजे मार्च की एप्रिल हा वाद नको.

एकदा सोर्स आर्काइव्ह वर चढले आणि व्हील चढण्याआधी नेटवर्क तुटले. वर्कफ्लो पुन्हा चालवला तर पहिलीच फाइल ‘आधीच आहे’ म्हणून नकार. ‘आधीच असेल तर सोड’ असा पर्याय प्रकाशनाच्या ॲक्शनमध्ये आहे. तो कायमचा चालू ठेवायचा मोह होतो, पण ठेवू नये. जुनेच व्हर्जन चुकून पुन्हा बिल्ड झाले तर अपलोड काहीच न करता हिरवा दिवा दाखवेल आणि गट समजेल की दुरुस्ती बाहेर पडली. इथे तो पर्याय पुन्हा चालवताना हाताने निवडायचा आहे, एरवी बंद.

दोन टॅग पाठोपाठ गेले तर दोन प्रकाशने एकमेकांत अडकू नयेत म्हणून कन्करन्सी गट (एका वेळी एकच काम चालू देणारी सोय) लावला आणि चालू असलेले काम रद्द करायचे नाही असे सांगितले. तरी एक मर्यादा उरते: मूळ वागणुकीत एका गटात थांबलेले काम एकच राहते. तिसरे आले की रांगेतले दुसरे रद्द होते. एका दमात तीन टॅग पुश करायचे नाहीत, बस.

जुन्या मालिकेचे रिलीज

४.०.० आले तरी दोन पॅकहाऊस हंगाम संपेपर्यंत ३ वरच राहणार होते. भर मार्चमध्ये काट्यासमोरचे सॉफ्टवेअर कुणी बदलत नाही, आणि बदलूही नये. त्यांच्यासाठी ३.३ ची वेगळी ब्रँच ठेवली. दुरुस्ती आधी मेनवर करायची, मग तो कमिट आणि त्याचा तुकडा चेरी-पिकने (नेमका तोच बदल उचलून) मागे न्यायचा, त्या ब्रँचवरच टाउनक्रायर चालवायचा आणि तिथेच ३.३.१ चा टॅग लावायचा.

त्यानंतरचे एक काम विसरले की पुढच्या रिलीजला तीच दुरुस्ती पुन्हा नवी म्हणून छापली जाते. ३.३.१ चा चेंजलॉगमधला विभाग मेनवर आणायचा, ३.३.० च्या वर बसवायचा आणि मेनवरचा तोच तुकडा काढायचा. पण दुरुस्ती ४ च्या मालिकेतही पहिल्यांदाच जात असेल तर तुकडा काढायचा नाही, ४.०.१ वाचणाऱ्याला ३.३.१ चा विभाग उघडावा लागू नये. हा निर्णय कुठलेही साधन घेत नाही. रिलीजच्या पुल रिक्वेस्टच्या नमुन्यात त्यासाठी चौकटीची एक ओळ ठेवली आहे आणि तिच्यावर खूण केल्याशिवाय मर्ज करायचे नाही असे ठरले आहे.

ही ब्रँच मेनमध्ये मर्ज मात्र करायची नाही. केली तर व्ही३.३.१ चा टॅग मेनच्या इतिहासात पोचतो, आणि जवळचा टॅग शोधताना तोच आधी सापडला तर मेनचे कच्चे बिल्ड ४.०.१ ऐवजी ३.३.२ चे आकडे घेऊ लागते. गिटहबवर ३.३.१ चे रिलीज लिहिताना ‘लेटेस्ट’ची खूण काढायची, नाहीतर पानावर ४.०.० च्या वर जुन्या मालिकेचे नाव झळकते आणि नवा ग्राहक तेच उतरवून घेतो.

काट्याच्या चाचणी लेबलच्या तळाशी आता इम्पोर्टलिबने दिलेले व्हर्जन बारीक अक्षरात छापले जाते. फोन आला की आधी एक कोरे लेबल काढायला सांगायचे आणि शेवटची ओळ वाचून घ्यायची.